आईच्या मीटलोफमध्ये अंडं नव्हतं

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेल्या दोहोंचा भाव तेवढा समजून घे.) तुझ्या कमरेचं कसं आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा तू कपाटात घडी घालून ठेवलायस, असं दाजी सांगत होते. लावत जा. आपल्या घरात सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही हे मलाही माहीत आहे, पण पट्टा लावणं म्हणजे कुणाचं ऐकणं नव्हे. तो आधार आहे. चांगल्या चांगल्या इमारतींना लागतो, तुला का नको? दाजींच्या खोकल्यासाठी ही रोज विचारते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आलेत, अक्षर वेडंवाकडं दिसलं तर त्याचा अर्थ मी थरथरतोय असा काढू नकोस.

पत्र लिहायचं कारण तुला ठाऊकच असेल. रविवारच्या जेवणाबद्दल तुला आतापर्यंत दोन फोन झाले असणार, एक हिचा आणि एक आपल्या धाकट्याच्या बायकोचा. दोघींनीही हसत हसत सगळं सांगितलं असेल. ओव्हन, छिन्नी, कपड्यांची टोपली, सगळं. ते सगळं खरं आहे. पण खरं असणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. मी चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावर स्लॅब टाकलेत, मला हा फरक कळतो. म्हणून फोन न करता लिहायला बसलोय. फोनवर तू मध्येच ‘बरं, बरं’ म्हणतेस आणि मला वाटतं तुला पटलं. आधीच सांगून ठेवतो, या पत्रात कुठेही माफी मागितलेली नाही. शोधत बसू नकोस.

आता मूळ वाद. तो तुझ्यासमोरच झाला, पण तू त्या वेळी ‘मला मध्ये ओढू नका’ म्हणून भांडी घासायला उठलीस (घरात नळाला पाणी नव्हतं, तरी उठलीस), त्यामुळे पुढचं तुला सांगोवांगीच कळलंय. आई गेल्याला वर्ष झालं त्या रविवारी आपण सगळे जमलो होतो आणि हिने आईसारखा खिम्याचा मीटलोफ केला होता. धाकट्याने एक घास घेतला, सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाला, “बाकी सगळं ठीक आहे वहिनी, पण आई मधोमध उकडलेली अंडी घालायची.” मी म्हटलं, नाही घालायची. तो म्हणाला, घालायची. मी म्हटलं, मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, म्हणजे सहा वर्षांचे मीटलोफ मी तुझ्याआधी खाल्लेत. त्यावर तो म्हणाला की खाल्ले असतील, बघितले नसतील, कारण तू जेवताना ताटात कधी बघतोस? हे वाक्य तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहणारा बेकरीवाला आपल्या मोठ्या भावाला, त्याच्याच घरी, त्याच्याच सुनेसमोर म्हणतो! मी काय म्हणालो ते लिहीत नाही. पण एवढं खरं की त्यानंतर तीन वर्षं तो या घरात आला नाही आणि मी त्याच्या बेकरीवरून गेलो नाही. पाव आणायला वीस मिनिटं चालत बाजारापलीकडच्या दुकानात जात होतो. तो पाव सकाळी विकत घेतला तर दुपारी त्याने भिंतीत खिळा ठोकता येतो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तीन वर्षं मी तत्त्व चहात बुडवून खाल्लं.

(हिचं म्हणणं, भांडण अंड्याचं नव्हतंच. मग कशाचं होतं म्हणून विचारलं तर म्हणते, ते तुम्ही दोघं शोधा. बायका असं काहीतरी बोलून भाजी निवडायला लागतात.)

हे असंच चालू राहिलं असतं. पण धाकट्याच्या मुलीला नोकरी लागली. दूरच्या गावी एका कारखान्यात. यंत्रांचे सुटे भाग येतात त्यांची मापं तपासायची, केसाएवढा फरक निघाला तर भाग परत पाठवायचा. पोरगी माझ्यावर गेलीय. तर ही पुतणी दोन आठवड्यांपूर्वी घरी आली, पाय वर घेऊन माझ्याच खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मोठे काका, मी पुढच्या पुढच्या मंगळवारी जाणार. त्याआधी मला आजीचा मीटलोफ खायचाय. या टेबलावर. तुमच्या आणि बाबांच्या मध्ये बसून.” मी म्हटलं, तुझ्या बाबाला विचार. ती म्हणाली, विचारलं. बाबा म्हणाले, अंडं घालणार असतील तर येतो. मी म्हटलं, मग नको येऊ म्हणावं. ती म्हणाली, तुम्हीच सांगा, मी तुम्हा दोघांची पोस्टमन नाही. आणि मग, ताई, ती म्हणाली, मी गेल्यावर तुम्हाला दोघांना एकत्र बोलवायला कुणी उरणार नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, तरी बघितलं.

म्हणून मी जाहीर केलं की जेवण होईल, या घरात होईल, मीटलोफ मी स्वतः करीन आणि त्यात अंडं असणार नाही. ज्याला यायचं तो येईल. ही म्हणाली, “तुम्ही करणार? तुम्ही?” दोनदा म्हणाली. दुसऱ्या ‘तुम्ही’मध्ये जे काही होतं ते माझ्या मनाला लागलं. मी म्हटलं, यात अवघड काय आहे? खिमा म्हणजे वाळू, दुधात भिजवलेला पाव म्हणजे सिमेंट, कांदा म्हणजे खडी, सगळं एकत्र कालवायचं, साच्यात भरायचं, कडक होऊ द्यायचं. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय? ही म्हणाली, घमेलं तेवढं नवं आणा.

पण घरातला ओव्हन बिघडलेला. दुरुस्तीवाला म्हणाला, तार जळलीय, नवी यायला महिना लागेल. हिने लगेच सुचवलं की भावजींच्या भट्टीत पाठवू, रविवारी दुपारी त्यांची भट्टी रिकामीच असते. ताई, विचार कर. जो माणूस माझ्या मीटलोफला मीटलोफ मानत नाही, त्याच्या दारात मी साचा घेऊन उभा राहू? ‘भाजून देतोस का’ म्हणून? मी म्हटलं, त्यापेक्षा मी कच्चा खाईन. आणि त्याच दुपारी मागच्या अंगणात विटा उतरवल्या.

हो, मी ओव्हन बांधला. तुला दोघींनी याबद्दल जे काही सांगितलं असेल ते बाजूला ठेव आणि माझं ऐक. भट्टीच्या विटा, भट्टीची माती, खाली वाळूचा थर, वर कमान. कमानीला आधार म्हणून जुनं पिंप उभं कापून वापरलं. चार दिवसांत काम पुरं. मग तीन दिवस रोज थोडा थोडा जाळ करून तो वाळवला, कारण नव्या ओव्हनला पहिल्याच दिवशी मोठा जाळ दिला तर तो तडकतो. (माणसांचंही तसंच आहे, पण ते असो.) कमान इतकी सुरेख आली होती की शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून बघायला आले आणि अर्धा तास गेले नाहीत. मग मी त्याला आतून-बाहेरून गिलावा केला. गिलावा करायची गरज नव्हती. पण बिनगिलाव्याचं काम मी कधी कुणाच्या ताब्यात दिलेलं नाही आणि धाकट्याने कधीकाळी कुंपणावरून डोकावलंच तर त्याला उघड्या विटा दिसाव्यात हे मला चालणार नव्हतं. हा मजकूर नीट वाच, कारण पुढचं सगळं या गिलाव्यामुळे झालं.

रविवारी सकाळी खाटकाकडे गेलो. त्याला म्हटलं, खिमा एकसारखा पाहिजे, मध्ये जाड तुकडे नकोत. तो म्हणाला, किती माणसं? मी म्हटलं, दहा. पण चौदांचा दे, माल नेहमी थोडा जास्त धरावा. घरी येऊन घमेल्यात खिमा, भिजवलेला पाव, बारीक कांदा, मीठ, मिरी, मोहरीची पूड आणि चार कच्ची अंडी घातली. (ही कच्ची अंडी बांधणीची. ती मिश्रणात विरघळून जातात, त्यांना अंडं म्हणत नाहीत. वादातलं अंडं म्हणजे उकडून, सोलून, अख्खं मधोमध निजवलेलं. धाकटा मुद्दाम दोन्हींची गल्लत करतो, तू करू नकोस.) पाव त्याच लांबच्या दुकानातला होता. दुधात तासभर ठेवला तरी विरघळेना, शेवटी खलबत्त्यात घातला. साचा मी पत्र्याच्या कारागिराकडून खास करून घेतला होता. आठ इंच रुंद, चौदा इंच लांब, कडा दुमडलेल्या, कोपरे काटकोनात. त्यात मिश्रण भरलं आणि थापीने ठोकलं. हे महत्त्वाचं. आत हवा राहिली तर पोकळी होते आणि पोकळी झाली की कापताना चिरा जातात. मी थरावर थर टाकत वीस मिनिटं ठोकत होतो. वरचा भाग पाणसळ लावून सपाट केला. सून दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं की बाबा, याच्यावर मजला चढवायचाय का? सुना हल्ली असं विचारतात. मी वर टोमॅटोच्या सॉसमध्ये साखर आणि व्हिनेगर कालवून त्याचा थर दिला आणि ओलं फडकं टाकून ठेवलं.

दुपारी चार वाजता ओव्हन लाल झाला. निखारे बाजूला ओढले, राख झाडली, साचा दोन हातांत उचलून घराबाहेर आणला. सगळे अंगणात उभे, मुलगा, सून, नातवंडं, पुतणी, ही, आणि कुंपणावरून मास्तर. मी साचा ओव्हनच्या तोंडाशी नेला. तो आत गेला नाही.

मी पुन्हा लावला. तिरका करून बघितला. तोंडाला कमान, त्यामुळे तिरकाही जाईना. तेवढ्यात पुतणीने खिशातून टेप काढला (खिशात टेप घेऊन फिरते, सांगितलं ना, माझ्यावर गेलीय), तोंडाशी धरला आणि म्हणाली, “काका, साडेसात.” मी म्हटलं, शक्य नाही, मी नऊ ठेवले होते. ती म्हणाली, गिलाव्याआधी ना?

ताई, दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच गिलावा. चाळीस वर्षं मी गवंड्यांवर याच गोष्टीसाठी ओरडलोय. ‘चौकट बसवताना गिलावा धरला का रे? तुझा बाप येणार आहे का भिंत खरवडायला?’ असे निवडक शब्द वापरून ओरडलोय. आता अंगणात सात माणसं आणि एक मास्तर उभे होते आणि कुणीच माझ्यावर ओरडत नव्हतं. ते जास्त वाईट होतं. मुलगा म्हणाला, लहान साच्यांत वाटून घालू. मी म्हटलं, एका दमात भरलेल्या कामाला सांधा द्यायचा नसतो. ही म्हणाली, मग आता? मी म्हटलं, आता गिलावा काढायचा. आणि छिन्नी-हातोडा आणायला गेलो.

चुकलो असं मी म्हणत नाही. गिलावा दीड इंचाने आड आला, एवढंच म्हणतो.

मी तापलेल्या ओव्हनसमोर बसून तोंडाचा गिलावा फोडत होतो तेव्हा माझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. हिने आणि पुतणीने साचा कपड्यांच्या टोपलीत ठेवला, वर चादर टाकली, पुढच्या दाराने बाहेर पडल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून सरळ धाकट्याच्या बेकरीत गेल्या. तेहतीस वर्षं संसार केलेली बायको! मी मध्ये एकदा स्वयंपाकघरात डोकावलो, साचा दिसला नाही, तर सून म्हणाली, ‘फ्रीजमध्ये ठेवलाय बाबा, घट्ट व्हायला.’ मला ते पटलं. कामाला सुकायला वेळ द्यावा लागतो. मी परत गेलो. साडेपाचला डाव्या बाजूचा गिलावा निघाला. सहाला उजव्या बाजूचा निघाला आणि त्याच्याबरोबर कमानीची मधली वीटही निघाली. कमानीची मधली वीट निघाली की काय होतं हे तुला सांगायला नको, आणि सांगायचं असेल तर मास्तरांना विचार, ते शेवटपर्यंत उभे होते. ओव्हनचा पुढचा अर्धा भाग माझ्या पायाशी बसला. बोटांचे फोड तेव्हाचे. मी विटांमध्ये उभा होतो आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला अंड्याचं काही वाटत नव्हतं. पोरगी मंगळवारी जाणार आणि मी तिला पाव-लोणी देणार, तेही त्या दुकानातल्या पावाचं, एवढंच डोक्यात होतं.

सव्वासातला मागचं दार वाजलं. मी उघडलं. दारात धाकटा. हातांना पोत्याचं फडकं गुंडाळलेलं, हातांत माझा साचा, साच्यातून वाफ. त्याच्या मागे ही, पुतणी आणि त्याची बायको, तिघीही आकाशाकडे बघतायत. तीन वर्षांनंतर तो माझ्यासमोर उभा होता. केस पांढरे झालेत ताई त्याचे. कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, “दादा, हात भाजतायत. कुठे ठेवू?” मी म्हटलं, “टेबलावर. सरळ ठेव.” हे आमचं तीन वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. तू आणखी काहीतरी ऐकलं असशील, डोळे पुसले वगैरे, तर ते खोटं आहे. वाफ होती.

सगळे बसले. पुतणी आमच्या दोघांच्या मध्ये. मी सुरी घेतली, कापायचा मान माझा. पहिला काप कडेचा, सुंदर, एकसंध, एक चीर नाही. दुसरा काप घेतला आणि कापाच्या मधोमध एक पिवळा डोळा माझ्याकडे वटारून बघत होता. तिसरा काप, दुसरा डोळा.  त्याने माझ्या मीटलोफमध्ये अंडी घातली होती! सहा! एका रांगेत!

मी सुरी ठेवली आणि विचारलं, हे काय आहे? आणि आता त्याचं उत्तर ऐक, म्हणजे हा माणूस किती पोचलेला आहे ते तुला कळेल. म्हणाला, “दादा, तू हे इतकं ठोकलं होतंस की मधल्या भागात आच पोचत नव्हती. तासाभराने सळई घालून बघितलं तर आत कच्चं. मग मधोमध चर खणावा लागला. पाव कापायची सुरी वाकली, शेवटी पत्रा घासायची पट्टी घेतली. चर खणल्यावर तो मोकळा ठेवायचा का? तूच सांग. तू पोकळी ठेवतोस का कधी?”  ताई, तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. चर खणला की भरावा लागतो. पण माती काढली तिथे मातीच भरायची असते, अंडी नव्हेत, हे मला दोन मिनिटांनी सुचलं आणि मग मी ते बोललो. मोठ्याने. तो म्हणाला, काढलेला खिमा चव बघण्यात संपला. किती चव बघितली, मी विचारलं. बेताची, तो म्हणाला. त्याची बायको म्हणाली, दोन वाट्या.

मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. तो म्हणाला, आई प्रत्येकाच्या कापात अंडं येईल अशी मोजून अंडी घालायची. मी म्हटलं, आईला मोजायला वेळ कुठे होता? तो म्हणाला, मी तिच्याजवळ उभा राहून अंडी सोलायचो. मी म्हटलं, तू सोलायचास ती न्याहारीची. तो म्हणाला, न्याहारीला आपल्याकडे अंडी होती कधी? मी म्हटलं, तुझ्यासाठी होती, तू शेंडेफळ. तो म्हणाला, आणि तू मोठा म्हणून कडेचा खरपूस काप दर वेळी तुला. बोलता बोलता दोघंही खात होतो. समोर होतं म्हणून. मध्येच पुतणी म्हणाली, “थांबा. कडेच्या कापात अंडं येतच नाही. आजी अंडी घालत असेल, पण मधोमध. मोठे काका नेहमी कडेचा काप खायचे, म्हणजे त्यांना अंडं कधी दिसलंच नसेल. दोघंही बरोबर आहात.”  मी धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, “तू गप्प बस!” तीन वर्षांतलं आमचं पहिलं एकमत.

दोघंही बरोबर म्हणे! असा निकाल लावायला पोरीला कारखान्यात काय शिकवणार आहेत देव जाणे. एक भाग बरोबर असतो आणि एक परत जातो. तिला हसू आवरेना. हसता हसता तिने एक हात माझ्या दंडाभोवती घातला आणि एक त्याच्या, आणि आम्ही तिच्या डोक्यावरून भांडत राहिलो.

जाताना धाकटा अंगणात थांबला आणि पडलेल्या ओव्हनकडे बघत राहिला. मी म्हटलं, बोल, काय बोलायचं ते बोल. तो म्हणाला, मागची कमान झकास आलीय. मग म्हणाला की पुढच्या महिन्यात मीटलोफ मी करणार, माझ्या भट्टीत, आईच्या पद्धतीने, आणि तुझ्या टेबलावर आणून तुला खायला लावणार. मी म्हटलं, आण, बघतो. तो म्हणाला, बघच. मंगळवारी पोरगी गेली. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं फलाटावर अंडं या विषयावरच बोलत होतो. तिने खिडकीतून हात केला तेव्हा तो ‘उकडलेलं’ म्हणत होता आणि मी ‘नाही’.

आता मुद्द्याचं. तू आपल्या तिघांत मोठी. आईजवळ स्वयंपाकघरात तू सर्वांत जास्त उभी राहिलीस. तेव्हा या वेळी भांडी घासायला न उठता, स्वच्छ अक्षरात, तारीख घालून, खाली सही करून कळव की आईच्या मीटलोफमध्ये उकडलेलं अंडं नव्हतं. मी ते पत्र चौकटीत घालून जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावणार आहे. खिळा ठोकून ठेवलाय. पट्टा लावत जा. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ (न नमलेला)

ता. क. ओव्हन मी पाडणार नाही. उरलेल्या अर्ध्या भागात ही कुंड्या ठेवायची म्हणते. मी नाही म्हटलंय. सध्या आत तीन कुंड्या आहेत.

ता. क. २. पत्र बंद करून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं. वर सही-तारखेचं जे लिहिलंय ते करू नकोस. लिहायला घेतलं असशील तर फाड. नीट ऐक ताई, अंडं नव्हतं असं तू लिहिलंस तर तो रुसून बसेल, आणि होतं असं लिहिलंस तर तो जिंकला, मग त्याला पुढच्या महिन्यात इथे येऊन काही सिद्ध करायचं कारण उरणार नाही. एकदा निकाल लागला की माणसं आपापल्या घरी जातात. आता आमच्या मध्ये बसायला पोरगी नाही. सध्या ते अंडंच बसलंय. ते तिथून उठवू नकोस.

ता. क. ३. त्याचंही तुला याच अर्थाचं पत्र येईल. त्यालाही उत्तर देऊ नकोस. कमरेचं कारण सांग.

ता. क. ४. आणि खरं काय होतं ते तुलाही आठवत नसेल, तर ते मात्र आम्हा दोघांना मरेपर्यंत कळू देऊ नकोस.